मदत हवी आहे: गोड वाईन आणि मालवणी जेवण, जमवायचं कसं?

मंडळी, वेंगुर्ल्याहून लिहितोय. भाचा फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला शिकतो. मे महिन्यात घरी येताना त्याने एक बाटली आणली: तिथल्याच आल्सास भागातली, गेवुर्झट्रामिनर नावाच्या द्राक्षाची वाईन, लेबलवर खाली ‘व्हाँदांज तार्दिव’. म्हणजे उशिराच्या तोडणीची. नेहमीची तोडणी उरकली तरी काही घड वेलीवरच ठेवतात, मण्यातलं पाणी कमी होऊन साखर दाट होते आणि वाईन तयार झाल्यावरही त्यातली थोडी शिल्लक राहते, असं तो सांगतो. वास म्हणे लिची आणि गुलाबाचा. लिची मी आयुष्यात दोनदा खाल्ली असेन.

याआधी नाशिकच्या सुलाची लेट हार्व्हेस्ट शेनिन ब्लाँ एकदा घेतली होती, तीही नुसतीच, जेवणाशिवाय. आता रविवारी ताई, भावोजी आणि भाचा जेवायला आहेत आणि बाटली तेव्हाच फोडायची असं ठरलंय. बेत असा: तळलेली सुरमई, तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, कोळंबीची आमटी, सोलकढी, शेवटी खापरोळ्या. आईचं म्हणणं, “माशांवर गोडशी दारू कोण पिता रे, खुळावलंस काय?”

यातल्या कशाबरोबर चालेल? की गोडाबरोबरच ठेवू? आणि इथल्या उकाड्यात किती गार करायची?

प्रतिसाद १
आईंना सांगा, अर्धं बरोबर आहे. तिखटाला थोडी गोडी चांगलीच, जीभ शांत होते. खरी अडचण आंबटाची. या द्राक्षात मुळात आंबटपणा कमी, त्यामुळे कोकम जास्त पडलेल्या कालवणापुढे किंवा सोलकढीपुढे ती मिळमिळीत लागेल. अल्कोहोलही साधारण १३-१४ टक्के असतं, म्हणून अगदी झणझणीत केलंत तर जाळ वाढेल. कोळंबी नारळाच्या जाडसर रसात, मिरची बेताची, कोकम एखादंच, अशी करून बघा. सुरमईला आलं-लसूण चालेल, वर लिंबू पिळू नका.

खापरोळ्यांचं म्हणाल तर गूळ घातलेला रस वाईनपेक्षा गोड. मग वाईनच पाणचट वाटते. नियम एकच, गोड पदार्थ वाईनहून कमी गोड हवा. त्यापेक्षा कापा फणसाचे गरे ठेवा, वासाला वास भेटतो. आल्सासमध्ये ती मुन्स्टर नावाच्या उग्र वासाच्या चीजबरोबर घेतात. आपल्याकडे खारवलेले भाजके काजू काम करतील. फ्रीजमध्ये दोन-तीन तास ठेवा, ८ ते १० अंशाला आली की पुरे. बर्फ टाकू नका. फार गार झाली तर वासच मरतो आणि पैसे त्याचेच आहेत.

प्रतिसाद २
‘गेवुर्झ’ हा जर्मन शब्द मसाल्यासाठीच आहे, तेव्हा मालवणी मसाल्याशी सोयरीक व्हायलाच हवी. तिरफळाचं मात्र मला शंकास्पद वाटतं. जीभ बधिर झाल्यावर गुलाब कुठे शोधणार?

धागाकर्ता
रविवार पार पडला, सर्वांचे आभार. तिरफळाबद्दलची शंका खरी निघाली, बांगड्यानंतरच्या घोटाला चवच लागेना. मग पाणी पिऊन, कोरा भात खाऊन पुन्हा सुरुवात केली. कोळंबी मात्र अशी जमली की भावोजींनी सोलकढीची वाटी आपणहून बाजूला सारली. हा माणूस ताटात सोलकढी नसेल तर उठून जाणारा! सुरमई ठीक. गरे उत्तम, आणि शेवटी काजूंच्या बशीवरच सगळ्यांचा हात. आईने एक घोट घेतला, “अत्तर घातलंय काय?” म्हणाली आणि खापरोळी पुढे ओढली.

आता बाटलीत दोनेक पेले उरलेत. बूच घट्ट लावून फ्रीजमध्ये ठेवलीय. गोड आहे म्हणून जास्त टिकते का? भाऊबीजेपर्यंत थांबायची माझी तयारी नाही, पण पुढच्या रविवारपर्यंत चालली तर खेकडे आणायचा विचार आहे.