ऑस्ट्रेलियाची वाईन स्वस्त झाली तर आमच्या द्राक्षाच्या दराचं काय?

पांझराकाठ: पिंपळनेरजवळ (ता. साक्री) आमची दोन एकर शिराझ (वाईनची द्राक्षं) आहे, वायनरीशी करारावर. यंदा नवा करार करताना त्यांचा माणूस म्हणाला, बाहेरच्या वाईनवरची ड्यूटी उतरतेय, दर वाढणार नाही. हे खरं आहे का? शिराझचा मणी बारीक, बियांचा, खायला कोणी घेत नाही. वायनरीने नाही उचलली तर विकू कुठे? ऑक्टोबर छाटणीआधी ठरवायचं आहे.

रावेरचा_शेतकरी: भाऊ, काढून टाका आणि केळी लावा.

पांझराकाठ: केळीला पाणी कुठून आणू दादा? उन्हाळ्यात विहीर तळाला जाते.

धुळे_हिशोब: थोडं खरं, बरंचसं निमित्त. भारताचा ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार 29 डिसेंबर 2022 ला लागू झाला. 5 अमेरिकी डॉलरच्या आतल्या बाटलीला त्यात सवलत नाही, तिच्यावर ड्यूटीचे 150 टक्के तसेच आहेत. 5 डॉलरपासून पुढे पहिल्याच दिवशी 100 झाले, दहा वर्षांत 50 होणार. 15 डॉलरच्या वर 75, मग 25.

डॉलर 85 रुपये धरा. 5 डॉलरची बाटली बंदरात 425 ला पडते. जुन्या ड्यूटीने 1,062, 100 टक्क्यांनी 850, शेवटी 637. त्यावर राज्याचा कर, आयातदार, दुकानदार. म्हणजे आपल्याकडच्या सहा-सातशेच्या बाटलीला आज धक्का नाही. झळ बसेल ती हजार-दीड हजाराच्या रिझर्व्ह (वरच्या दर्जाच्या) वाईनला. तुमचा माल कुठल्या बाटलीत जातो, ते आधी विचारा.

आणि 2008 च्या मंदीनंतरचं आठवा. वायनऱ्यांनी माल उचलला नाही, नाशिककडे लोकांनी उभ्या बागा तोडल्या. तेव्हा ड्यूटी पूर्ण 150 होती. तिने वायनरीला आडोसा दिला, शेतकऱ्याला नाही. मला याचाच राग येतो.

पांझराकाठ: आमचा माल रिझर्व्हमध्येच जातो. मग काय मागू?

धुळे_हिशोब: ड्यूटी दरवर्षी किती उतरणार हे त्यांना आधीपासून माहीत आहे, मग तुमच्याशी करार एकाच वर्षाचा का? पाच वर्षांचा मागा. किमान दर आणि माल उचलायची तारीख लिहून घ्या. ब्रिक्स (द्राक्षातली साखर) मोजताना तुमचा माणूस हजर पाहिजे, नाहीतर गोडी कमी सांगून दर तिथेच कापतील. शेजारच्या बागवाल्यांनाही सोबत घेऊन जा.