मूल बुजरं म्हणून छळ होतो?

खाडीपलीकडे: सकाळच्या पोस्टमध्ये लिहिलंय, 'मूल बुजरं असतं म्हणून वर्गात छळ होतो, कराटेला घाला.' हे पटण्यासारखं नाही. वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा सातवीला संपते. आठवीला तालुक्याच्या हायस्कुलात त्या वाडीतून एकटंच पोर येतं आणि बाकीची टोळी बालवाडीपासून एकत्र असते. एकटं पडलेलं पोर सापडतं. बुजरेपणा मागाहून येतो. पहिल्याच आठवड्यात त्याच एसटीने येणाऱ्या मुलाशेजारी त्याला बसवा. एक पक्का मित्र झाला की हात लावायला पोरं कचरतात.

बंदरावरून: सगळं बाकावर ढकलू नका. चिडवल्यावर रडणारं किंवा अंगावर धावून जाणारं मूल पुन्हापुन्हा निवडलं जातं, कारण पोरांना तेच बघायचं असतं. आवाज न चढवता "बास" म्हणायचं आणि तिथून निघायचं, हे घरी दहा वेळा करून घ्या.

खाडीपलीकडे: म्हणजे सुधारायचं परत त्यानंच!

तिसरी घंटा: दोघांनीही मूळ सोडलंत. पोर "माका येना नाय" म्हणालं की सर नक्कल करतात, वर्ग हसतो आणि मधल्या सुट्टीपर्यंत तेच त्याचं नाव होतं. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७: मानसिक छळालाही बंदी आहे.

बंदरावरून: शिक्षकांना झोडपणं सोपं आहे. दहावीचा पेपर काय मालवणीत लिहायचा?

तिसरी घंटा: भलतंच माझ्या तोंडी घालू नका! "वहीत 'मला येत नाही' असं लिही" एवढं सांगितलं की झालं. नक्कल केली की पोरांना मोकळं रान मिळतं.

खाडीपलीकडे: घरी मालवणी बोलूच नको म्हणणारे पालकही यात आलेच. त्या पोराला स्वतःच्या आईच्या बोलीची लाज वाटायला लागते.

एसटी थांबा: बोलीवरून भांडताय, पण छळ होतो मुतारीमागे आणि संध्याकाळच्या गाडीच्या मागच्या बाकावर. सुक्या बांगड्याचा डबा उघडून हातोहात फिरवतात, झाकण खिडकीबाहेर जातं, बाकीचे बघत बसतात. खरं बळ त्या बघणाऱ्यांत आहे. कॅनडातल्या शाळांच्या मैदानांवरचं चित्रीकरण तपासलं गेलं (हॉकिन्स, पेप्लर, क्रेग, २००१). सोबत्यांपैकी कुणी मध्ये पडलं, तेव्हा निम्म्याहून जास्त वेळा १० सेकंदांत प्रकार थांबला. दहावीतली दोन समजूतदार पोरं मागे बसवा आणि कंडक्टरला सांगून ठेवा.

बंदरावरून: मागच्या बाकाचं मान्य. नकलेचंही मान्य करावं लागतंय. "बास" मात्र मी शिकवणारच.

एसटी थांबा: शिकवा. सोबत वहीत तारीख, जागा, कोण होतं, कोण बघत होतं हेही लिहून घ्या. 'सगळे त्रास देतात' एवढ्यावर मुख्याध्यापक कुणाला बोलावणार?