नुरेयेवला कुणी हाकललं नव्हतं

जुनापडदा (धागाकर्ता)

'मपेट शो' या जुन्या बाहुल्यांच्या टीव्ही कार्यक्रमावरची, 'मपेट शोच्या पाहुण्यांचे पडद्यामागचे किस्से' ही यादी पुन्हा माझ्यापर्यंत फिरत आली आणि या वेळी गप्प बसवलं नाही. तिच्यात तीन दावे ठासून केले आहेत. एक, जगप्रसिद्ध बॅले नर्तक रुडॉल्फ नुरेयेव साध्या कपड्यांत आला म्हणून त्याला स्टुडिओतून हाकलून दिलं. दोन, इंग्रज विनोदी नट पीटर सेलर्स इतका विक्षिप्त की स्वतः म्हणून कॅमेऱ्यासमोर यायलाच त्याने नकार दिला. तीन, हे बडे पाहुणे नसते तर त्या बाहुल्यांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

पहिल्या दाव्याबद्दल. नुरेयेवला हाकललं ते सॅम गरुडाने, आणि सॅम ही बाहुली आहे! संस्कृतीच्या गप्पा मारणारा सॅम समोर आलेल्या खऱ्या कलावंतालाच कुणी उपटसुंभ समजून बाहेर काढतो, हा त्या भागातला लिहिलेला विनोद. मपेट शो घडतो एका जुन्या नाट्यगृहात, आणि त्यातलं अर्धं नाटक विंगेत चालतं. दुसऱ्या ते चौथ्या पर्वात तर भागाची सुरुवातच स्कूटर ही बाहुली पाहुण्याच्या खोलीचं दार वाजवते तिथून होते. ज्या कार्यक्रमाचा विषयच 'पडद्यामागे' आहे, त्यातले प्रसंग उचलून पडद्यामागची बातमी म्हणून खपवणं म्हणजे नाटक न बघताच त्यावर लिहिणं.

तिसऱ्या दाव्याने मात्र खरा संताप आला. अमेरिकी वाहिन्यांनी मपेटचा जनक जिम हेन्सनला नकार दिला होता. त्याला पैसा आणि स्टुडिओ दिला तो ब्रिटनच्या एटीव्ही या दूरचित्रवाणी कंपनीच्या ल्यू ग्रेडने. म्हणून ही मंडळी इंग्लंडात एलस्ट्रीला गेली आणि 1976 ते 1981 या काळात तिथे 120 भाग तयार झाले. पहिल्या पर्वात पाहुणे मिळायला त्रास झाला, हे खरं. ओळखीपाळखीतून माणसं बोलवावी लागली. पण त्याच पर्वात रिटा मोरेनो आली, ड्रमर बाहुली अ‍ॅनिमलच्या ढोलबडवीशी झुंजत 'फीव्हर' गायली आणि त्या भागासाठी तिला 1977 चं एमी हे टीव्हीचं पारितोषिक मिळालं. नुरेयेव त्यानंतर, दुसऱ्या पर्वात आला. म्हणजे दर्जा आधी होता, रांग नंतर लागली.

चंदेरी_दुनिया

पहिला मुद्दा मान्य. तिसरा अजिबात नाही.

पाहुणा हा मपेट शोचा कणा होता. कर्मिट, म्हणजे सूत्रधार बेडूक, दर आठवड्याला पडद्यापुढे येऊन पाहुण्याचं नाव घ्यायचा, मगच गाडी पुढे सरकायची. ल्यू ग्रेड हाडाचा विक्रेता. कार्यक्रम शंभराहून अधिक देशांत गेला तो काय सगळीकडे बेडूक ओळखीचा होता म्हणून? पहिल्याच पर्वात फ्रेंच गायक चार्ल्स अझ्नावूर आहे. फ्रान्समधला प्रेक्षक त्याला बघायला बसणार आणि मग बाहुल्यांच्या प्रेमात पडणार, हा सरळ व्यवहार आहे. नुरेयेवनंतर चित्र पालटलं हे त्या मंडळींनीच वारंवार सांगितलंय. मग स्टॅलोन आला, डायना रॉस आली, क्रिस्टोफर रीव्ह आला, पॉल सायमन आला.

आणि सेलर्सचं तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत. कर्मिट त्याला म्हणतो, इथे मोकळेपणाने स्वतःसारखं वागा. त्यावर तो म्हणतो, 'मी' असा कुणी उरलेलाच नाही, होता तो शस्त्रक्रिया करून काढून टाकला. हे नुसतं संहितेतलं नाही हो. आपल्याला स्वतःचं असं व्यक्तिमत्त्वच नाही, हे तो मुलाखतींतूनही सांगत असे.

जुनापडदा

सेलर्सबद्दल तुमचं बरोबर आहे, ते मी सोडायला नको होतं. पण मग ते माझ्याच बाजूने जातं. जो माणूस कॅमेऱ्यासमोर स्वतः म्हणून बसू शकत नव्हता, त्याला एका बेडकासमोर ते बोलता आलं. हे कुणामुळे झालं? हिरव्या कापडात हात घालून खाली उभ्या असलेल्या माणसामुळे.

ढोलकीपटू

पाहुणे विरुद्ध बाहुल्या हे भांडण बाजूला ठेवून एक विचारतो. अ‍ॅनिमलचे ड्रम कोण वाजवायचं, हे त्या यादीत आहे का? नाही. अ‍ॅनिमलची बाहुली फ्रँक ऑझची, पण कानावर पडणारे ड्रम रॉनी व्हेरेल या इंग्रज जॅझ ड्रमरचे. पाचव्या पर्वात बडी रिच आला तेव्हा त्याची आणि अ‍ॅनिमलची जुगलबंदी झाली. जो तो तिला 'बडी रिच विरुद्ध बाहुली' म्हणतो. अहो, ती रिच विरुद्ध व्हेरेल होती! जगातल्या सर्वांत नावाजलेल्या ड्रमरपुढे एक माणूस त्याच्या तोडीचं वाजवतो आणि टाळी घेतं लाल केसांचं कापड. मी स्वतः वर्षानुवर्षं गायकांच्या मागे बसून वाजवत आलोय. कार्यक्रमानंतर लोक गायकाचे पाय धरतात आणि मला विचारतात, 'गाडी कुठे लावलीय?' त्यामुळे हा विषय मला लागतो.

दोऱ्यांमागची

ढोलकीपटूदादा, धन्यवाद. आता मी बोलते.

मी बालनाट्यात बाहुल्या केल्यात. डोक्यावर हात ताठ उभा, मान वाकडी, आणि वर आपली बाहुली गोड हसतेय. दहा मिनिटांनी खांद्यात जी आग होते ती ज्याने केलंय त्यालाच कळते. एलस्ट्रीला सगळे सेट उंच उचलून बांधलेले असत, म्हणजे कलाकारांना खाली उभं राहून हात वर धरता यावा. पाहुण्याला त्या उंचावरच्या फळ्यांवरून चालावं लागे, मध्ये मोकळ्या जागा, आणि त्या जागांत माणसं. ही माणसं वर बघतच नसत. खाली ठेवलेल्या टीव्हीच्या पडद्यावर बघून बाहुलीची नजर पाहुण्याच्या नजरेला भिडवत. फॉझी किंवा रॉल्फसारख्या बाहुलीला दोन माणसं लागतात, एकाचा एक हात तोंडात आणि दुसरा बाहुलीच्या डाव्या हातात, उजवा हात दुसऱ्याचा. स्वीडिश शेफचं तोंड आणि आवाज हेन्सनचा, पण दोन्ही हात ऑझचे. आपले हात आता काय करणार आहेत हे तोंडाला माहीत नाही, यातूनच तो विनोद जन्मतो.

हे किस्से नाहीत का? कुठल्या नटाने काय घातलं होतं एवढंच पडद्यामागचं? आमच्या एका प्रयोगाच्या जाहिरातीत तिकीटविक्रीचा फोन नंबर होता, ध्वनिव्यवस्था कुणाची ते होतं, बाहुल्या हलवणाऱ्या आम्हा मुलींची नावं नव्हती. विचारलं तर उत्तर मिळालं, 'मुलांची गंमत जाईल.'

चंदेरी_दुनिया

ताई, तुमच्यावर अन्याय झाला असेल, पण तो मपेट शोवर कशाला लादता? हेन्सन, ऑझ, जेरी नेल्सन, रिचर्ड हंट, डेव्ह गोल्झ ही नावं शेवटच्या श्रेयनामावलीत येत होती. फ्रँक ऑझ पुढे चित्रपट दिग्दर्शक झाला. 'स्टार वॉर्स'मधला योडा त्याचाच. यांना कुणी लपवून ठेवलं नव्हतं. प्रत्येक चर्चेत आपलं दुःख आणून ओतलं की मूळ विषय बुडतो.

दोऱ्यांमागची

मूळ विषय काय आहे? पाहुण्यांनी कार्यक्रम मोठा केला की नाही, हाच ना? मग कार्यक्रम कुणी केला हे सांगणं विषयाबाहेर कसं? तुम्हाला विषयात फक्त चेहरे हवेत. नाव शेवटी दोन सेकंद सरकून जाणं आणि नाव लोकांच्या तोंडी असणं यात फरक आहे, आणि तो तुम्हाला नीट कळतो. माझ्या दुःखाची मापं काढू नका.

कुडाळकर

दोघांनाही नमस्कार. आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या. लहानपणी देवळात रात्री रामायणाचा खेळ बघितलाय. सोंगट्या नाचवणारा, गाणारा आणि वाजवणारा कोण, हे गावाला माहीत असायचं, पण शहरातून फोटो काढायला आलेला माणूस खाली लिहायचा 'कोकणातील बाहुल्या'. एवढंच. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्यात संग्रहालय उभं केलं, त्यांना 2021 ला पद्मश्री मिळाली, तेव्हा कुठे एक नाव बाहेर गेलं. ताईंचं म्हणणं शंभर टक्के खरं.

चंदेरी_दुनिया

आता मपेट शोच्या धाग्यावर पिंगुळी! बरं, मग रामदास पाध्ये? महाराष्ट्रातलं पोरसुद्धा त्यांना ओळखतं. अर्धवटरावाइतकंच त्यांचंही नाव आहे. बाहुलीवाल्याला नाव मिळत नाही ही ओरड सरसकट खरी नाही.

दोऱ्यांमागची

पाध्ये शब्दभ्रमकार आहेत. ते बाहुलीशेजारी रंगमंचावर बसलेले दिसतात, तिच्याशी भांडतात, लोक त्यांच्या ओठांकडे बघतात. त्यांची कला दिसण्यातच आहे. आमची न दिसण्यात. हे दोन वेगळे धंदे आहेत आणि हेन्सनला तो फरक पक्का ठाऊक होता. म्हणून तर त्याने एडगर बर्गनला पाहुणा म्हणून बोलावलं, त्याची बाहुली चार्ली मॅकार्थीसकट. बर्गन रेडिओवर गाजलेला शब्दभ्रमकार. 1978 मध्ये तो गेला आणि पुढच्या वर्षी आलेला पहिला मपेट चित्रपट त्याला अर्पण केला गेला. तुमच्या यादीत बर्गन आहे? नसणार. त्याला कुणी हाकललं नाही ना.

ढोलकीपटू

बर्गनच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. आणि त्या खोट्या हशाबद्दल कुणीच का बोलत नाही? समोर प्रेक्षक नसायचे, हशा वरून चिकटवलेला. माझा तो कार्यक्रम बघण्याचा आनंद दर वेळी त्यामुळे जातो. स्टीव्ह मार्टिनच्या भागात तो काढून टाकला, कारण त्या भागात प्रयोग रद्द होऊन निवडचाचण्या चाललेल्या दाखवल्यात. तिथे ऐकू येतं ते स्टुडिओतल्या माणसांचं खरं हसणं. किती मोकळं वाटतं!

जुनापडदा

हशा हा स्वतंत्र धाग्याचा विषय आहे, कृपया तिकडे नका जाऊ. चंदेरी, तुम्हाला दोन उदाहरणं देतो.

एक, पाचव्या पर्वात विनोदी नट रिचर्ड प्रायर ऐनवेळी येऊ शकला नाही. तेव्हा क्रिस लँगम या त्यांच्याच लेखकाला पाहुणा म्हणून उभं केलं. सामान पोचवायला आलेला पोऱ्या नाइलाजाने पाहुणा होतो, अशी गोष्ट रचली आणि भाग पार पडला. बडं नाव नव्हतं, तरी कार्यक्रम होताच.

दुसरं गायक हॅरी बेलाफोंटेचं. तो तिसऱ्या पर्वात आला आणि 'टर्न द वर्ल्ड अराउंड' करायचं ठरलं. त्यासाठी आफ्रिकी मुखवट्यांसारख्या बाहुल्या हव्या होत्या. कुठल्याही समाजाच्या धार्मिक खुणेचा अवमान होऊ नये म्हणून हेन्सनने त्या मुखवट्यांचा अभ्यास करून मगच ते घडवले. त्याला स्वतःला हा भाग फार प्रिय होता. 1990 च्या मे महिन्यात तो गेल्यावर न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन चर्चमधल्या स्मरणसभेत बेलाफोंटेने तेच गाणं गायलं. मला सांगा, यात कोण कुणाला मोठं करतंय? दोघं मिळून काहीतरी करतायत. त्या यादीने हे नातं मोडून एकाला मालक आणि दुसऱ्याला नोकर करून टाकलं, म्हणून मी एवढं लिहिलं.

चंदेरी_दुनिया

लँगमचा भाग 120 मधला एक आहे. सगळेच भाग तसे काढले असते तर ल्यू ग्रेडने दुसऱ्या वर्षीच कुलूप लावलं असतं, हे माझं म्हणणं कायम. बेलाफोंटेच्या मुखवट्यांचं मला माहीत नव्हतं. तो भाग आज रात्री पुन्हा बघतो. यादीतली पहिली ओळ साफ चूक, दुसरी अर्धवट, तिसरी अर्धी बरोबर. याहून पुढे मी सरकणार नाही.

दोऱ्यांमागची

तिसरीतला कुठला अर्धा भाग चूक, तेवढं लिहून टाका. आणि आज रात्री बघाल तेव्हा ते मुखवटे वर धरून गाण्याच्या तालावर नाचवणारी माणसं किती असतील, ते मोजायचा प्रयत्न करा.