वीस वर्षं जुनी बरोलो (इटलीची रेड वाइन) उघडायचीय, चव नीट कळावी म्हणून काय करू?

पहिलीच_जुनी
मंडळी, जरा मदत हवीय. थोरल्या भावाने २००४ ची एक बरोलो इतकी वर्षं जपून ठेवली होती, येत्या शनिवारी आम्ही दोघं मिळून उघडणार आहोत. मी रेड पितो पण सगळी दोन-तीन वर्षांची, ग्लास तोंडाशी नेला की फळाचा भपकन वास येणारी. मागे एकदा १५ वर्षांची बोर्दो, म्हणजे फ्रान्सची रेड, चाखायला मिळाली होती आणि मला ती सरळ गेलेली वाटली, रंग उतरलेला, फळ नाहीच, वास ओल्या पानांचा, अर्धा ग्लास तसाच ठेवून दिला. नंतर बाकीचे म्हणाले आज सगळ्यात भारी वाइन तीच होती. ते तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. या वेळी तसं नको व्हायला. कधी उघडू, डिकँट करू का (म्हणजे दुसऱ्या भांड्यात ओतून घेऊ का), आणि मुळात त्यात शोधायचं काय? बाटली अंधारात, थंड जागी आडवी होती, वाइनची पातळी अजून मानेत आहे.

तळाचा_गाळ
पातळी मानेत आहे म्हणजे बूच नीट टिकलंय, हे फार चांगलं. खांद्याच्या खाली उतरली असती तर मी काळजी केली असती.

पहिलं काम म्हणजे बाटली आजच उभी करून ठेवा, शनिवारपर्यंत हलवू नका. गाळ असणारच, आणि गाळ म्हणजे वाइन खराब असं अजिबात नाही. टॅनिन (तुरटपणा देणारे घटक) आणि रंगद्रव्यं वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत जातात, जड होतात आणि तळाला बसतात. रंग फिकट होतो तो त्यामुळेच, आणि तरुण वाइन जी जीभ आवळून धरते, हिरड्या कोरड्या पाडते, तो तुरटपणा मऊ होतो तोही बराचसा त्यामुळेच. आंबटपणा मात्र वयाने फारसा हलत नाही, तोच जुन्या वाइनचा कणा. म्हणून पहिल्या घोटाला बघा की तोंडाला पाणी सुटतंय का. सुटत असेल तर वाइन जिवंत आहे.

रंगावरून निकाल लावू नका, ही नेबियोलो आहे. हे द्राक्ष तरुणपणीही फिकटच असतं आणि कडेला नारिंगी झाक लवकर येते, कॅबरनेसारख्या गडद द्राक्षाच्या सवयीने बघाल तर फसाल. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरा, मध्ये डाळिंबी आणि कडेला विटकरी दिसलं तर सगळं ठीक आहे. पूर्ण तपकिरी, निस्तेज दिसली तर मात्र शंका घ्या.

आणि तुमच्या त्या बोर्दोबद्दल. ओल्या पानांचा वास हा दोष नव्हता हो, तीच तर तिची कमाई होती! ताजं फळ मागे सरतं आणि त्या जागी चामडं, तंबाखू, अळंबी, जंगलातली माती, वाळलेलं अंजीर असलं काही येतं. तुम्ही तिच्यात तरुण वाइन शोधत होतात. बरोलोत वाळलेल्या गुलाबाच्या पाकळ्या आणि डांबर शोधा, दोन्ही एकत्र, ऐकायला विचित्र वाटतं पण एकदा नाकाला सापडलं की विसरत नाही.

हळूहळू_घोट
वरचं सगळं पटलं, फक्त डिकँटिंगचं मी सांगतो कारण तिथेच लोक घोळ घालतात. गाळ वेगळा करणं आणि हवा देणं ही दोन वेगळी कामं आहेत. जुन्या वाइनला पसरट डिकँटरमध्ये ओतून दोन तास ठेवलं तर जो नाजूक वास उरलाय तोच उडून जाऊ शकतो. मी काय करतो, चार-पाच तास आधी बूच काढतो, घोटभर ओतून बघतो आणि बाटली तशीच उभी ठेवतो. ग्लासात आल्यावर तिला हवी तेवढी हवा मिळतेच.

तळाचा_गाळ
बरोलोच्या बाबतीत माझं थोडं वेगळं मत. चांगल्या वर्षाची बरोलो वीस वर्षांनीही दार लावून बसलेली, म्हणजे वास-चव न खुललेली, असू शकते आणि २००४ चांगलंच वर्ष होतं. बाहेर यायच्या आधीच नियमाने किमान ३८ महिने ठेवलेली असते, त्यातले १८ लाकडी पिंपात, रिझर्व्हा (जास्त काळ मुरवलेली) असेल तर एकूण ६२. मुळातच दमदार वाइन आहे ती. पण पहिला घोट बघूनच ठरवा हे बरोबर, बंद वाटली तरच अरुंद डिकँटरमध्ये घ्या. ओतताना मानेखाली दिवा धरा, एका संथ धारेत ओता, गाळाची रेघ खांद्याशी आली की थांबा. शेवटचे दोन घोट सोडून द्यायचे.

बूचवाली
बुचाकडे लक्ष द्या प्लीज!! वीस वर्षांचं बूच भुसभुशीत झालेलं असतं, नेहमीचा स्क्रू घातला तर मधूनच तुटतं. दोन चपट्या पात्यांचा ओपनर मिळतो, पाती बूच आणि काचेच्या मधे डुलवत उतरवायची आणि पिळत वर घ्यायचं. तरी तुटलंच तर घाबरू नका, बारीक गाळणीतून ओता.

ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास आला आणि वेळ गेला तसा वाढतच गेला तर तो टीसीए, म्हणजे बुचाचा दोष, त्याला इलाज नाही. जुन्या वाइनचा मातकट वास मात्र हवेत मोकळा होत जातो. नासलेली ओळखायची तर व्हिनेगरसारखा झणका किंवा काळं पडलेल्या सफरचंदाचा वास येतो आणि घोट गिळल्यावर मागे काहीच उरत नाही. आणि १६ ते १८ डिग्रीवर प्या, त्याहून गरम असेल तर आधी अल्कोहोलच नाकात चढतो.

पहिलीच_जुनी
उघडली काल. सगळ्यांचे मनापासून आभार, नीट लिहितो.

चार वाजता बूच काढलं, खालचा तुकडा तुटलाच, पण पात्यांनी तोही अलगद वर आला. पहिला घोट कडक, डांबर आणि ओली माती, बाकी काही नाही, भाऊ म्हणाला गेली बहुतेक. पण तोंडाला पाणी सुटत होतं म्हणून मी थांबायचं म्हटलं. डिकँट केली नाही, बाटलीतच राहू दिली. साडेआठला परत ओतली, ग्लास एक तृतीयांश भरला, आणि ग्लासात वीसेक मिनिटं झाली तसा गुलाब आला, अगदी वहीत दाबून ठेवलेल्या पाकळ्यांचा. मी काही बोललो नव्हतो, भावानेच आधी सांगितलं. मग तंबाखू, मग काहीतरी संत्र्याच्या वाळक्या सालीसारखं. तुरटपणा आहे पण बोचत नाही, जिभेवर बारीक पीठ पसरल्यासारखा बसतो आणि चव कितीतरी वेळ जातच नाही. शेवटचा ग्लास आम्ही दोघांनी तासभर पुरवला, दर वेळी नाक घातलं की आधीपेक्षा वेगळी.

ती बोर्दो अर्धी टाकली याचं आता जास्तच वाईट वाटतंय. भावाकडे २००६ ची एक आहे अजून, त्याने ती परत आडवी ठेवून दिली.

तळाचा_गाळ
वा! २००६ तर अजून ताठ असते, घाई करू नका तिची.