मदत हवी आहे: प्रोजेक्ट झॉम्बॉइड भावासोबत खेळायला कोणती सेटिंग ठेवू?

राम राम मंडळी, मी लातूरचा. महिनाभर प्रोजेक्ट झॉम्बॉइड हा झॉम्बींपासून जीव वाचवायचा कॉम्प्युटर गेम खेळतोय. 1993 चं केंटकी, सगळीकडं झॉम्बी. पण मला धरून ठेवलं ते पाण्यानं. काही दिवसांनी नळ आणि लाइट दोन्ही जातात. त्याआधी बाथटब, पातेली, बाटल्या, जे हाती लागेल ते भरून ठेवायचं. नंतर पावसाचं पाणी पिंपात धरून उकळून प्यायचं. 2016 ला आमच्याकडं मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा आईनं घरातलं एकेक भांडं असंच भरून ठेवलं होतं. इतकं खरं मला दुसऱ्या कुठल्या गेममध्ये वाटलं नाही.

पण झॉम्बीचा एक चावा बसला की संसर्गानं आपलं पात्र मरतं, सगळी मेहनत गेली. मेनू लई किचकट, आणि ठरलेली कथा नाहीच. बारावी झालेला धाकटा भाऊ गेममध्ये दोनदा मेला, आता हातच लावत नाही. त्याच्यासोबत खेळायची मला फार इच्छा आहे.

सँडबॉक्समध्ये (खेळाचे नियम आपणच ठरवायचा मोड) चाव्याचा संसर्ग बंद करता येतो, पण मग भीतीच उरत नाही का? त्यापेक्षा झॉम्बी कमी करू? आणि 8 जीबी रॅमच्या लॅपटॉपवर मी होस्ट केलं, म्हणजे दोघांचा खेळ माझ्याच लॅपटॉपवरून चालवला, तर दोघांना नीट चालेल का? कुणी असं खेळलं असेल तर सेटिंग सांगा.