‘ओ.के.’ आणि १९७०चं बर्लिन

व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन सैनिकांच्या अत्याचारावरचा ‘ओ.के.’ हा जर्मन चित्रपट १९७०च्या बर्लिन चित्रपट महोत्सवाने बाद केला असं म्हटलं जातं, पण नेमकं तसं घडलं नाही. चित्रपटांनी देशादेशांतलं सामंजस्य वाढवावं या महोत्सवाच्या नियमात तो बसत नाही, असा आक्षेप ज्यूरीचे (परीक्षक मंडळाचे) अध्यक्ष, अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज स्टीव्हन्स यांचा होता. (महायुद्धात दाखाउची नाझी छळछावणी चित्रित करणारा हाच माणूस!) ज्यूरीतल्याच युगोस्लाव दिग्दर्शक दुशान माकावेयेवने या आक्षेपाला विरोध केला, प्रकरण चिघळलं, ज्यूरी पायउतार झाली. त्या वर्षी सुवर्ण अस्वल, म्हणजे महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, कुणालाच नाही.

चित्रपटाचा खरा झटका मांडणीत आहे. १९६६मध्ये व्हिएतनामात अमेरिकन सैनिकांनी एका मुलीला पळवून, बलात्कार करून मारलं. दिग्दर्शक मिखाएल फेरहोवेनने ती घटना जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांताच्या जंगलात आणली. सैनिक चक्क बव्हेरियन बोलीत बोलतात, त्यामुळे ‘ते तिकडचे’ म्हणायची सोयच जर्मन प्रेक्षकाला उरत नाही.