उबुंटू २०.०४ वरून २२.०४ करायचंय, पण ॲप्ट अपडेटच लाल ओळी फेकतंय

पडवीतला_पेंग्विन:
नमस्कार मंडळी. घरचा डेस्कटॉप आहे, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये उबुंटू (लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम) २०.०४ टाकलेली, त्यानंतर फारसा हात लावला नाही कारण चालतंय ना, मग कशाला. बाबा त्याच्यावर दुकानाचा हिशोब लिब्रे ऑफिसात ठेवतात, बाकी थोडं प्रिंटिंग. तिचा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्येच संपला हे मला परवा कळलं म्हणून अपग्रेडला बसलो. डू-रिलीज-अपग्रेड दिलं तर म्हणतं आधी सगळे अपडेट टाका, आणि ॲप्टने (सॉफ्टवेअरची पॅकेजेस टाकणारं, अपडेट करणारं टूल) अपडेट करायला गेलो की रिपॉझिटरीचे (रेपो, म्हणजे जिथून पॅकेजेस उतरतात ती जागा) एरर, म्हणजे उंबऱ्यातच अडवलंय. वर बाबांसाठी सिस्टिम मराठीत ठेवलीय तर एररपण अर्धे मराठीत येतात, ते तसेच नेटवर शोधले तर एक रिझल्ट नाही. काय करू? फॉरमॅट मार म्हणू नका प्लीज, प्रिंटर लावायला दोन दिवस गेले होते.

कोल्हापुरी_कर्नल:
सोप्पंय भावा, ज्या रेपोवर बोंबलतंय तिच्या ओळीत चौकटी कंसात ट्रस्टेड=येस टाक, गप बसतंय. मी कायम तसंच करतो.

टर्मिनल_ताई:
कर्नल, गप बसतंय कारण पॅकेजेस खऱ्या मालकाकडूनच आलीत हे सांगणारी डिजिटल सही तपासायचंच बंद होतं. दार घासतंय म्हणून दारच काढून ठेवल्यासारखं झालं ते. आणि एरर ४०४ चा (फाइल सापडत नाही) असेल तर तेवढ्यानं जात नाहीच, फाइल तिथे नसेल तर विश्वास ठेवून काय उपयोग.

पेंग्विन, आधी एरर इंग्रजीत आण. कमांडच्या आधी त्याच ओळीत एलसी_ऑल=सी लिही, म्हणजे सुडो एलसी_ऑल=सी ॲप्ट अपडेट (अर्थात टाइप करताना रोमन अक्षरांत, आणि एलसी_ऑल व सी कॅपिटल). तेवढ्या एका कमांडपुरती भाषा बदलते, बाबांचा मराठी डेस्कटॉप आहे तसा राहतो. मग जे येईल ते इथे टाक.

पडवीतला_पेंग्विन:
भारी, हे माहीतच नव्हतं. तीन भानगडी आहेत:
पहिली, एका व्हिडिओ एडिटरचा पीपीए (उबुंटूच्या मुख्य रेपोंबाहेरची, कुणीतरी स्वतः चालवलेली रेपो) टाकला होता, त्याला ४०४ नॉट फाउंड आणि खाली रिलीज फाइल नाही असं.
दुसरी, एका ब्राउझरच्या रेपोला नो_पबकी आणि पुढे लांबलचक आकडे.
तिसरी सगळ्यात विचित्र, उबुंटूच्या स्वतःच्याच रेपोला म्हणतंय रिलीज फाइल अजून व्हॅलिड झालेली नाही, अजून इतके इतके दिवस लागतील. दिवस?? मी काय भविष्यातून डाउनलोड करतोय का

माळ्यावरचा_मॉनिटर:
तिसऱ्याचं सांगतो, कोपऱ्यातली तारीख बघ. फाइलवर ती कधी बनली ते असतं, तुझं घड्याळ त्याच्या मागे असेल तर ॲप्टला वाटतं ही उद्याची फाइल आज कुठून आली. जुना डेस्कटॉप म्हणजे मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला असणार, घड्याळाच्या दुकानात कुठेही मिळतो. तोपर्यंत टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू दे, नेटवरून वेळ घेईल.

टर्मिनल_ताई:
बरोबर, घड्याळ आधी. ते चुकीचं असलं की सह्या, सर्टिफिकेटं, सगळ्यावरच बोंब होते आणि आपण नको तिथे खोदत बसतो.

ब्राउझरची रेपो: सही करणाऱ्यांनी चावी बदलली की नो_पबकी येतो. नवी चावी त्यांच्याच साइटवरून घ्यायची, कुठल्यातरी ब्लॉगवरून नाही. जुन्या लेखांत ॲप्ट-की दिसेल, ते वापरू नकोस, ती पद्धत आता मोडीत निघालीय. चावी ईटीसी/ॲप्ट/कीरिंग्ज मध्ये ठेवायची (२०.०४ वर तो फोल्डर स्वतः बनवावा लागेल) आणि रेपोच्या ओळीत साइन्ड-बाय लिहून त्या फाइलकडे बोट दाखवायचं. पण खरं सांगू, आत्ता यातलं काहीच करू नकोस. सॉफ्टवेअर अँड अपडेट्स उघड, अदर सॉफ्टवेअर टॅबमध्ये त्या रेपोची टिक काढ. अपग्रेड चालू झालं की बाहेरच्या सगळ्या रेपो तसंही बंद करतं, २२.०४ वर गेल्यावर एकदाच नीट लाव.

आता तो पीपीए, खरा त्रास तिथेच आहे आणि लोक नेमकं त्यालाच टिक काढून मोकळे होतात. रेपो बंद झाली तरी तिच्यातून आलेली पॅकेजेस मशीनवर बसूनच राहतात ना. त्यांची व्हर्जन उबुंटूच्यापेक्षा पुढची असतात, मग अपग्रेडच्या मधेच कुठेतरी गाठ बसते. पीपीए जिवंत असता तर पीपीए-पर्ज नावाच्या टूलने सगळं एका फटक्यात उबुंटूच्या व्हर्जनवर आणलं असतं, पण त्याला पीपीएची यादी वाचावी लागते आणि तुझ्याकडे ४०४ आहे. म्हणून हाताने. टिक काढ, परत अपडेट दे, मग एलसी_ऑल=सी ॲप्ट लिस्ट --इन्स्टॉल्ड, पुढे उभी रेघ, ग्रेप लोकल (यादीतून लोकल शब्द असलेल्या ओळीच गाळून देतं). इथेही एलसी_ऑल विसरू नकोस, मराठीत लोकल हा शब्दच वेगळा छापला गेला तर ग्रेपला काही सापडणार नाही. जी येतील ती आता कुठल्याच रेपोत नाहीत. प्रत्येकाला ॲप्ट पॉलिसी लावून बघ उबुंटूचं व्हर्जन दिसतंय का, दिसलं तर ॲप्ट इन्स्टॉल, पॅकेजचं नाव, तिरपी रेघ, फोकल. फोकल म्हणजे २०.०४ चं टोपणनाव.

आणि आधी हिशोबाच्या फाइल पेनड्राइव्हवर घे. आधी म्हणजे आत्ता.

निळी_खिडकी:
मधेच घुसतेय, माझ्याकडे २३.१० आहे आणि मला तर उबुंटूच्या मेन रेपोलाच ४०४ येतंय, घड्याळ बरोबर आहे. सर्व्हर डाउन आहे का?

माळ्यावरचा_मॉनिटर:
नाही, तुझं व्हर्जनच रिटायर झालंय. ती मधली व्हर्जन ९ महिनेच चालतात, २३.१० जुलै २०२४ लाच संपली. त्यांची पॅकेजेस मग ओल्ड-रिलीजेस नावाच्या सर्व्हरवर हलवतात. सोर्सेस.लिस्ट (रेपोंचे पत्ते असलेली फाइल) मध्ये इन.आर्काइव्ह आणि सिक्युरिटी दोन्हीच्या जागी ओल्ड-रिलीजेस टाक (आधी फाइलची कॉपी ठेव), मग अपडेट चालेल आणि तिथून २४.०४ ला जाता येईल. पेंग्विनची एलटीएस (लांब मुदतीच्या सपोर्टची) आहे, ती नेहमीच्या सर्व्हरवरच आहे, त्याने हे करायचं नाही.

पडवीतला_पेंग्विन:
अपडेट: तारीख खरंच दोन वर्षं मागची होती, बाबा म्हणाले "अरे ते कधीचंच तसंय". नेटवरून वेळ घेतली, तिसरा एरर गेला. दोन्ही टिक काढल्या. लोकलमध्ये ११ पॅकेजेस आली, त्यातलं एक प्रिंटरचा ड्रायव्हर आहे जो मी डेब फाइलने टाकलेला, बाकीची बहुतेक लिब ने सुरू होणारी व्हिडिओची. एक लायब्ररी खाली आणायला गेलो तर रिमूव्ह होणाऱ्यांच्या यादीत उबुंटू-डेस्कटॉप दिसलं, घाबरून एन दाबलं.

टर्मिनल_ताई:
शाब्बास, तो एन दाबलास म्हणून आज बाबांना काळा स्क्रीन बघावा लागला नाही. त्या लायब्ररी एकमेकींवर अवलंबून असतात, एकटीला खाली ओढलीस की बाकीच्या अडतात आणि ॲप्ट तोडगा म्हणून भलतंच काढायला निघतं. आधी तो व्हिडिओ एडिटर काढून टाक, मग उरलेल्या सगळ्या एकाच कमांडमध्ये ओळीने, प्रत्येकीला तिरपी रेघ फोकल लावून. पुढे -एस लाव, म्हणजे नुसती रंगीत तालीम होते, प्रत्यक्षात काही हलत नाही. रिमूव्हमध्ये नको ते नाव नसेल तरच -एस काढून परत दे. प्रिंटरच्या ड्रायव्हरला हात लावू नकोस, लोकल असणं म्हणजे गुन्हा नाही.

मग ॲप्ट-मार्क शोहोल्ड देऊन काही अडकवून ठेवलंय का बघ, राहिलेले अपडेट टाक, रीस्टार्ट, आणि मग डू-रिलीज-अपग्रेड.

कोल्हापुरी_कर्नल:
ताई, माझ्याकडे चार रेपोंना ट्रस्टेड=येस आहे 😅 काढतो आज.

पडवीतला_पेंग्विन:
झालं!! एडिटर काढल्यावर ९ लायब्ररी एकत्र खाली आणल्या, तालमीत रिमूव्ह शून्य होतं. अपग्रेडला साधारण अडीच तास लागले, मधे दोनदा कॉन्फिग फाइल बदलू का विचारलं, तिथे जुनीच ठेवली. २२.०४ चालू, प्रिंटरवर टेस्ट पेज निघालं, हिशोब जागेवर. फायरफॉक्स आता स्नॅप (उबुंटूचा वेगळा पॅकेज प्रकार) झालाय, पहिल्यांदा उघडायला वेळ घेतो, बाबांनी तेवढ्यात चारदा क्लिक करून चार खिडक्या उघडल्या. सेल उद्या आणतो.